विषय: ‘नवशिक्यांसाठी परिपूर्ण’ लेथ संचातला न बसणारा चक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच ‘आपला दिवस शुभ असो’ म्हणून फोन ठेवला आणि पाठोपाठ तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. निकाल काय लागला, ते मलाही कळवा.

संचातल्या लाकूड कातायच्या लेथच्या स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, १ इंच, ८ टीपीआयचे (इंचाला आठ) आटे आहेत. त्याच खोक्यातला, लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक एम३३ × ३.५ चा, म्हणजे ३३ मिलिमीटरच्या आट्यांचा आहे. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, फोनवर मात्र सांगावा लागला. २५.४ मिलिमीटरचा स्पिंडल त्या भोकात एकही आटा न धरता सरळ आत जातो आणि चक सैल बांगडीसारखा लोंबकळतो.

‘चक स्पिंडलवर जातोय ना, सर?’
‘जातोय. तसाच बाहेरही येतोय.’
‘म्हणजे बसतोय. मग अडचण नेमकी काय आहे?’

आटे धरत नाहीत, म्हटलं. होल्ड. संगीत. बऱ्याच वेळाने, सीनियरना विचारून आल्यावर: ‘सर, स्पिंडलला टेफ्लॉन टेप गुंडाळा, घट्ट होईल.’ टेफ्लॉन टेप! अहो, नळ गळत नाहीये माझा. त्या चकात ठोकळा धरून हजार आरपीएमला मशीन लावलं आणि सगळं सुटून तोंडावर आलं तर, असं विचारलं. उत्तर मिळालं, ‘सेफ्टी गॉगल किटमध्ये आहे ना, सर.’ नाक आणि दात वॉरंटीत येत नसावेत.

मग स्पिंडल आणि चकाच्या मधे बसवायचा अडॅप्टर सुचवला, तोही माझ्या पैशाने. अडॅप्टरने चक बेअरिंगपासून आणखी पुढे सरकतो आणि थरथर वाढते, हे मशीन बनवणाऱ्यांना मी सांगायचं? लेथ, चक, सेंटर एकमेकांशी जुळवत बसावं लागू नये म्हणून तर माणूस पहिल्यांदा संच घेतो. आणि संचातलाच चक संचातल्याच लेथला बसत नाही.

आता तुमची पुस्तिका. खोक्यावर वाडग्याचा फोटो आहे, आत बोल गाऊज, म्हणजे वाडगा कोरायची पटाशी, नाही. पान उलटलं तर वाडगा चक्क स्पिंडल रफिंग गाऊजने, म्हणजे लांबट ठोकळे गोल करायच्या पटाशीने, कोरताना दाखवलाय. तिची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, धार वाडग्याच्या लाकडातल्या आडव्या रेषांत अडकली की ती शेपटी मोडते. नवशिका माणूस पुस्तिकेवर विश्वास ठेवतो हो! ते पान आधी काढा, माझं नंतर बघा.

मला १ इंच, ८ टीपीआयचा चक हवा आहे, तुमच्या खर्चाने. जमत नसेल तर संच घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. या आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर फोटो, मोजमापं आणि फोनचं रेकॉर्डिंग घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तुमचं नाव ऐकून विश्वासाने घेतलं होतं, एवढंच वाईट वाटतं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, चक पाठवा.