खाती उघडली, कर्जाचे काय?

संपादक महोदय,

जागतिक बँकेच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये देशातले २७ टक्के लोक अतिगरीब होते, २०२२-२३ मध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास आले. जनधनची खातीही ५० कोटींच्या वर गेली. दोन्हींचा आनंद आहे. पण खाती उघडली म्हणून गरिबी हटली, हे ३४ वर्षे बँकेच्या ग्रामीण शाखांत काढलेल्या मला पटत नाही. मजुरी वाढली, रस्ते झाले, पोरांना पुण्या-चाकणला कामे मिळाली, रेशनचे धान्य मिळते, त्याचा वाटा मोठा आहे.

मी १९८१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात नव्या शाखेत रुजू झालो. त्या काळी रिझर्व्ह बँकेचा दंडक होता : बँक असलेल्या गावात एक शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार गावांत उघडा. भाड्याच्या दोन खोल्या, तिजोरी आणि लाइट गेली की कंदील, एवढीच आमची शाखा. शेळ्यांसाठी कर्ज दिलेली एक बाई एकदा सकाळीच आली. फडक्यात मेलेल्या शेळीचा कापलेला कान, त्याला विम्याचा बिल्ला तसाच. बिल्ला दाखवल्याशिवाय विमा मिळत नाही, हे आम्हीच तिला सांगितले होते. पैसे आले, तिने दुसरी शेळी घेतली. पुढे तिचा मुलगा सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी कर्ज मागायला आमच्याकडेच आला, सावकाराकडे गेला नाही.

कितीतरी शेळ्या नुसत्या कागदावर होत्या, वसुली बुडाली, १९९० ची कर्जमाफीही मी पाहिली. तरीही रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी त्या शाखाविस्ताराचा अभ्यास केला, तेव्हा त्याने ग्रामीण गरिबी कमी झाल्याचेच दिसले.

आता आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे ऐका. त्यांच्यावर मायक्रोफायनान्सची, म्हणजे बायकांच्या गटाला छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांची, चार कर्जे आहेत. दर मंगळवारी सकाळी दहा जणींची मीटिंग. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, तोवर कोणी उठायचे नाही. व्याज २४ टक्के. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये जनधन खात्यात येतात आणि दुसऱ्या दिवशी हप्त्यात जातात. पिको-फॉलच्या मशीनसाठी कर्ज मिळेल का, हे विचारायला मी त्यांच्यासोबत शाखेत गेलो. चार कर्जे आहेत म्हणून नकार. ते एक वेळ समजू शकतो. पण पहिल्या कर्जाच्याही आधी त्या याच शाखेत आल्या होत्या, तेव्हाही हात हलवतच परतल्या होत्या. जनधन खात्यावर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही पैसे उचलण्याची, सोय आहे, त्याबद्दल विचारले तर उत्तर आले, ‘आमच्याकडे ते चालत नाही.’

गावातून ठेवी गोळा करायच्या आणि कर्जे शहरात वाटायची, हे थांबायला हवे. ग्रामीण व निमशहरी शाखांत ठेवींच्या निदान ६० टक्के कर्जवाटप व्हावे, ही रिझर्व्ह बँकेची जुनीच अपेक्षा आहे. प्रत्येक शाखेने दारातल्या फळ्यावर तीन आकडे लिहावेत : ठेवी किती, कर्ज किती, आणि ५० हजारांच्या आतली कर्जे किती जणांना दिली. तालुक्याच्या बँकर्स समितीने दर बैठकीत ते वाचून दाखवावेत. या मागणीचा अर्ज मी जिल्हा अग्रणी बँकेकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे, दिला आहे. वाचकांनीही आपापल्या शाखेत जाऊन हे आकडे मागावेत, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, अंबाजोगाई