साहेब आले नाहीत, भाचा आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या खेपेला चहा उतू गेला. उमेदवार टीव्हीवरच्या चर्चेला तोंड देत नाहीत याची आपल्याला खंत वाटते, ती मलाही वाटते. ती व्यक्त करण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे, एवढ्यापुरतेच हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. प्रगत लोकशाहीत असे चालत नाही, असे आपण ठोकून दिले आहे. न चालायला काय झाले? केनेडी-निक्सन यांचा गाजलेला सामना १९६०चा, आणि त्यानंतरचा थेट १९७६चा. मधल्या तीन निवडणुका अमेरिकेने अध्यक्षपदाच्या चर्चेवाचूनच काढल्या. त्यातल्या दोन खुद्द निक्सन यांनी लढवल्या आणि जिंकल्याही. ब्रिटनमध्ये अशी पहिली चर्चा व्हायला २०१० उजाडावे लागले. २०१७ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणूक स्वतः लावली आणि बीबीसीच्या चर्चेला गृहमंत्री अँबर रड यांना पाठवून दिले. त्या बाईंचे वडील जाऊन दोन दिवस झाले होते, तरी त्या आल्या. २०१९मध्ये हवामानबदलावरच्या चर्चेला बोरिस जॉन्सन फिरकले नाहीत, तेव्हा चॅनेल फोरने त्यांच्या जागी बर्फाचा गोळा ठेवला. तो दिव्यांखाली ठिबकत राहिला. बोरिसऐवजी एक मंत्री आणि बोरिस यांचे वडील मात्र वाहिनीच्या दारात हजर होते.

तिकडे वडील आले. आमच्याकडे भाचा आला होता, तो प्रसंग सांगतो.

२०२४ची विधानसभा. भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले असतील. एका वृत्तवाहिनीची गाडी आमच्या इथल्या शाळेच्या पटांगणावर येऊन उभी राहिली. सगळे उमेदवार एका मंचावर, नागरिकांनी प्रश्न विचारायचे, असा बेत. वेळ सहाची, मी साडेपाचलाच दुसऱ्या रांगेत. खिशात विजेचे बिल आणि बिलाच्या पाठीवर प्रश्न. प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळेल असे बजावले होते, म्हणून तीनदा खाडाखोड करून बसवला होता. आमच्या गल्लीत पाणी पहाटे पावणेचारला येते आणि साडेचारला जाते. त्यावर उपाय म्हणून टेकडीवर टाकी बांधली, टाकीला रंग दिला, रंगावर साहेबांचे नाव घातले. तिच्यात पाणी कधी चढणार?

मंचावर चार खुर्च्या. प्रत्येकीच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेला नावाचा कागद. तिघे आले. चौथी खुर्ची सात वाजले तरी रिकामी. कॅमेरावाल्याने ती जवळून टिपायला घेतली मात्र, मागे उभ्या कार्यकर्त्यांत खळबळ उडाली. दोघे जण मंचावर चढले आणि खुर्चीच उचलून चालू लागले. निवेदिका म्हणे, खुर्ची राहू द्या. ते म्हणत, साहेबांची बदनामी होते. एकाने पुढचे पाय धरलेले, वाहिनीच्या पोराने मागचे. अखेर तोडगा निघाला. खुर्ची राहिली, नावाचा कागद निघाला आणि तिच्यावर साहेबांचा भाचा बसला. वय पंचवीस, गॉगल डोक्यावर. 'मामा प्रचारात आहेत.' मग आम्ही तिथे कशात होतो?

माझी पाळी आली. प्रश्न वाचला. भाचा म्हणाला, 'काका, मुद्दा एकदम रास्त आहे. कागद द्या, साहेबांच्या कानावर घालतो.' मी दिला. घरी आल्यावर लक्षात आले, बिल भरायचे राहिले होते. त्या महिन्याचा विलंब आकार मी भरला. कानावर काय गेले ते कळले नाही.

एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, वादविवाद स्पर्धांना पोरे घेऊन गावोगाव फिरलो. एक पोरगा ऐन वेळी सगळे पाठांतर विसरला. दोन मिनिटे उभा राहिला, बाहीने घाम पुसला, 'एवढंच म्हणायचं होतं' म्हणाला आणि खाली बसला. त्याला आम्ही उत्तेजनार्थ दिले. उभा राहिला म्हणून.

आता आपल्याकडे वळतो. त्या कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी आपला अंक उघडायला गेलो, तर उघडेना. वरचे पान साहेब, आतले पान साहेब, आणि मथळा 'थेट संवाद'. प्रश्नही त्यांचेच, उत्तरेही त्यांचीच, आणि टाकीचा फोटो. कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द होता, नाही असे नाही. सूनबाईंनी भिंग घेऊन शोधून दिला. पटांगणावर न येता आपल्या पहिल्या पानावर येता येत असेल, तर मीही पटांगणावर गेलो नसतो. वर आपण एकाच पक्षाचे कान उपटले. मे २०२४मध्ये निवृत्त न्यायमूर्ती लोकूर आणि अजित शहा व पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांनाही चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल हो म्हणाले, भाजपने युवा मोर्चाचा उपाध्यक्ष पुढे केला, हे आपण लिहिले. पण २००९ला अडवाणी टीव्हीवर या म्हणून मागे लागले होते आणि मनमोहन सिंग गेले नाहीत, ते का गाळले? जागा नव्हती?

निवडणूक आयोगाच्या १९९८च्या योजनेनुसार दूरदर्शन-आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत फुकट वेळ मिळतो. भाषण आधी लिहून द्यावे लागते. त्याच योजनेत चर्चेचीही तरतूद आहे, आणि तिथे पक्ष धाडेल तो प्रतिनिधी चालतो. म्हणजे भाच्याची सोय नियमातच आहे.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर सलग तीन आठवडे छापलेले नाही. त्यावर मी पोस्टकार्ड टाकले होते.

माझे नाव छापू नये, ही विनंती. उमेदवाराने तोंड दाखवावे म्हणणारा स्वतः मात्र दडून बसतो, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. साहेब निवडून आले आहेत आणि आमच्या सोसायटीच्या नळजोडणीचा अर्ज सध्या भाच्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक