भिंतींचा पंचनामा होतो, माणसांचं काय?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पूर, भूकंप, वादळ काहीही येऊ दे, ओसरल्यावर पहिलं काय तर पंचनामा. भिंती किती पडल्या, पत्रे किती उडाले, रस्ता किती मीटर खचला, सगळं मोजतात. माणसांपैकी मात्र फक्त मेलेली आणि जखमी मोजतात, जी वाचली पण ज्यांची बीपीची गोळी वाहून गेली किंवा डायलिसिस चुकलं ती कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. यावर कुणीतरी लिहावं असं कधीचं वाटत होतं, शेवटी म्हटलं आपणच लिहू.

एका पुरानंतर शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात मी आठ दिवस मदतीला होतो. तिथे एक आजी होत्या, पाण्याची बाटली दिली की "ठेव बाळा तिथं, पिते नंतर" म्हणायच्या आणि संध्याकाळी बघावं तर बाटलीचं सील पण उघडलेलं नसायचं. आम्हाला वाटलं हट्टी आहेत. तिसऱ्या दिवशी एका बाईने सांगितलं तेव्हा ट्यूब पेटली, की संडास मैदानाच्या पार पलीकडे, त्याला तीन पायऱ्या, रात्री लाइट नाही आणि आजींचे गुडघे कधीच गेलेले, मग जायलाच लागू नये म्हणून त्यांनी पाणीच बंद केलेलं. आणि आमच्या वहीत रोज काय, "पाणी वाटप – सर्वांना", पुढे टिक! शेवटी तिथल्याच एका पोराने मोडक्या खुर्चीची बैठक कापून खाली बादली ठेवली, कोपऱ्यात चादरीचा आडोसा केला, त्या दिवशी आजींनी अख्खी बाटली संपवली.

ही गोष्ट छोटी वाटते पण नाहीये. पाणी कमी पिऊन दिवस दिवस एकाच जागी बसून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि त्यातली एखादी फुफ्फुसात गेली की माणूस जाऊही शकतो. जपानमध्ये २००४ च्या निइगाता भूकंपानंतर गाडीत झोपून रात्री काढणाऱ्यांमध्ये हे दिसलं होतं. तिथे अशा मागाहून होणाऱ्या मृत्यूंची 'आपत्तीशी संबंधित मृत्यू' म्हणून वेगळी नोंद ठेवतात. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात थेट ढिगाऱ्याखाली वगैरे गेले ५०, आणि नंतर हाल, आजारपण, उपचार तुटणं यातून गेले २०० च्या वर! म्हणजे भूकंपातून वाचलेली माणसं नंतरच्या व्यवस्थेत गेली, आणि हे कळलं का, तर कुणीतरी मोजलं म्हणून.

मोजलं नाही की काय होतं ते अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर दिसलं. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आलं, कित्येक महिने सरकारी आकडा ६४ वरच अडकलेला. मग एका विद्यापीठाच्या अभ्यासातून जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज २,९७५ निघाला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तोच मान्य केला. त्यातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट अशी, की अभ्यास फेब्रुवारी २०१८ पर्यंतचा होता आणि सगळ्यात गरीब भागांत मृत्यूचा वाढलेला धोका तोपर्यंत खाली आलेलाच नव्हता. वादळ सगळ्यांवर सारखंच आलं, सावरायला मात्र गरिबाला जास्त वेळ लागला.

आता आपले लोक म्हणतात आम्ही भेदभाव करत नाही, सगळ्यांना सारखं किट देतो. अहो तिथेच तर गोची आहे! इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशात ठेवावा लागतो, वीज गेली की त्याचं काय करायचं हे किटमध्ये कुठे असतं? डायलिसिसवाल्याला साधारण आठवड्यातून तीनदा मशीन लागतं, त्याला चादर आणि मेणबत्ती देऊन काय उपयोग. ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंग्यावरची सूचना कळणार कशी. भाडेकरूचं तर विचारूच नका, घराची नुकसानभरपाई घर ज्याच्या नावावर त्याला, आणि पत्ता बदलला की भाडेकरूचा दवाखाना, औषधं, जुने रिपोर्ट सगळंच सुटतं.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय मोडून यादी आधी करायची, कोण एकटं राहतं, कोण ऑक्सिजनवर आहे, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाला उचलून न्यावं लागेल. जपानने २०१३ मध्ये कायदा बदलून अशी यादी ठेवणं स्थानिक प्रशासनाला बंधनकारकच केलं आणि २०२१ मध्ये त्याच्या पुढे जाऊन, अशा प्रत्येक माणसाचा सुटकेचा वेगळा आराखडा करायचा प्रयत्न करा असं सांगितलं. यादी कुणाच्या हातात राहणार ही भीती रास्त आहे, आजाराची माहिती गावभर व्हायला नको, ते नियम आधी ठरवा. पण भीतीपोटी यादीच नको हे काही पटत नाही.

निवाऱ्याचे किमान निकष पण तयार आहेत, जगभरच्या मदत संस्था 'स्फिअर'चे निकष वापरतात. माणशी रोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, राहायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. एवढं तरी आपल्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लिहा. आणि नुसतं लिहू नका, पावसाळ्याच्या आधी एक दिवस गुडघे दुखणाऱ्या कुणालातरी सोबत घेऊन त्या संडासापर्यंत चालून बघा.

निवारा केंद्र बंद झालं म्हणजे आपत्ती संपली असं पण धरू नका. झोप उडणं, दारू वाढणं, शुगर हाताबाहेर जाणं हे सगळं तर केंद्र बंद झाल्यावर, फोटोवाले निघून गेल्यावर सुरू होतं. तेव्हा घरोघर जाणारी आरोग्यसेविका, तिचा पगार, औषधांचा खर्च याची किमान दोन वर्षांची तरतूद आराखड्यातच हवी, नाहीतर नव्याचे नऊ दिवस.

शेवटची एक विनंती. आराखड्याच्या ज्या दोन बैठका मी पाहिल्या त्या दोन्ही कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता होत्या. ज्याचा दिवस भरला नाही तर पैसे मिळत नाहीत तो तिथे येणार कसा, आणि आला नाही की आपण म्हणणार लोकांना रसच नाही. तर मीटिंग संध्याकाळी ठेवा, तळमजल्यावर ठेवा आणि लहान पोरांना सांभाळायला कुणीतरी ठेवा, म्हणजे बायका पण येतील.

आपला,
एक नियमित वाचक