फळ्या तेवढ्या काढून ठेवा

ओवाटोना, मिनेसोटा
12 फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई तू फोन घेतलास की जेवलीस का, थंडी आहे का ह्यातच दहा मिनिटं जातात, म्हणून टाईप करून पाठवतेय. दादा प्रिंट काढून देईल. (दादा, म्हणजे आधी तूच वाचणार, माहितीये. वाच, शेवटचं तुझ्यासाठीच आहे.)

तब्येत ठणठणीत. परवा उणे 26 होतं हे खरंय, पण घरात हीटर असतो आणि मी टीशर्टात बसते, तुम्हाला डिसेंबरात बार्शीत जेवढी वाजते तेवढीपण मला वाजत नाही. गाडीत ब्लँकेट, टॉर्च, फावडं सगळं ठेवलंय. टीव्हीवर दाखवलेलं वादळ इकडे आलंच नाही, उगीच मावशीला फोन करून घाबरवू नकोस. आणि एकटी राहते म्हणजे एकटी पडलेय असं काही नाही. ज्वारीचं पीठ मिनियापोलिसला मिळतं, तासाभराचा रस्ता. भाकरी फुगत नाही, पण होते.

इथली एक गोष्ट मात्र मला दीड वर्षात कळलेली नाही. ऑफिसात कुणी केक आणला की तो भराभर संपतो, पण शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. म्हणजे नाहीच. सगळे येऊन बघतात, कुणीतरी सुरीने त्याचा अर्धा कापून नेतं, मग पुढचा येऊन त्या अर्ध्याचा अर्धा करतो, आणि संध्याकाळी डब्यात सुपारीएवढा तुकडा उरतो जो शेवटी कचऱ्यात जातो. आग्रह केला की नको, परत केला की नको, तिसऱ्यांदा केला की मग "बरं, एवढंच म्हणताय तर". सुरुवातीला मी पहिल्या नकोलाच सोडून द्यायचे, तर आमच्या शेजारच्या आजीबाई माझ्याकडे तीन वेळा चहा न घेताच गेल्या. आपल्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरतात ना, तसंच, फक्त इथे वाढपी पुढे निघून जातो आणि माणूस उपाशी राहतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. गाव केवढं तर पाव बार्शी, पण चौकात एक बँक आहे. 1908 ची. नॅशनल फार्मर्स बँक म्हणून बांधली होती, नाव बदलत गेलं पण आजही आत बँकच चालते. बाहेरून लालसर विटांची चौकोनी पेटी, दोन्ही रस्त्यांच्या बाजूला एकेक प्रचंड कमान, पूर्ण कमानभर हिरवट काच, आणि भिंतीवर हिरव्या-निळ्या भाजक्या मातीची नक्षी. ऊन पडलं की आत सगळं पिवळं-हिरवं होतं, ज्वारी पोटऱ्यात आल्यावर शेतात उभं राहिल्यासारखं. चार झुंबरं आहेत, लोखंडी ओतीव, एकेक दोन टनाच्या वर. आणि भिंतीवर चित्र कसलं तर गाईंचं! बँकेत गाई! हा सगळा दुधा-लोण्याचा मुलूख, बँकेत येणारे शेतकरीच. त्यांना बसून बोलायला वेगळी खोली ठेवली होती, बायकांसाठी वेगळी. शेजारी लागूनच भाड्याने द्यायला दुकानं आणि ऑफिसं. म्हणजे पेढीच की.

बांधली कुणी तर कार्ल बेनेट म्हणून, घरचीच बँक होती. त्याला नेहमीसारखी खांबवाली, देवळासारखी बँक नको होती. मासिकात लुई सलिव्हनचा एक लेख वाचला आणि शिकागोहून त्यालाच बोलावून घेतलं. सलिव्हन म्हणजे शिकागोत उंच इमारती बांधून नाव कमावलेला माणूस, पण तोवर त्याचे दिवस फिरले होते, मोठी कामं मिळत नव्हती. सव्वा लाख डॉलरच्या आसपास खर्च आला, त्या काळात, एवढ्याशा गावात! नक्षीचं बरंचसं काम त्याच्या हाताखालच्या एल्मस्लीचं, पण नाव सलिव्हनचं.

पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, लोकांनी कर्ज काढून चढ्या दराने जमिनी घेतल्या, 1920 नंतर भाव कोसळले, कर्ज बुडालं. सलिव्हन 1924 ला शिकागोत हॉटेलच्या एका खोलीत कफल्लक होऊन गेला आणि 1926 ला बँक बुडाली. वाचताना मला तुमची लाल वही दिसत होती, उचल दिलेल्यांची नावं, आणि त्या साली तुम्ही रात्री गादीवर बसून नुसती पानं उलटायचात ती.

बिल्डिंग मात्र राहिली, दुसऱ्या बँकेने घेतली. 1940 च्या सुमारास "मॉडर्न" करायच्या नादात आतल्या कॅशियरच्या नक्षीदार जाळ्या काढून टाकल्या. पुढे 1950 च्या दशकात दुसरा आर्किटेक्ट आणून परत जमेल तेवढं नीट केलं. 1981 ला तर पोस्टाने तिकीट काढलं, 18 सेंटचं. एक जुनं मिळालंय मला, पाठवते, डोळ्याचं ऑपरेशन झालं की भिंगातून बघा.

ऑपरेशनचे साठ हजार बाबांच्या खात्यात टाकलेत. दादाच्या नाही, उगीच त्याला परत काढायला लावू नका. तारीख ठरली तरी मला येता येणार नाही, व्हिसाचं स्टँपिंग करायचंय आणि आत्ता बाहेर पडले तर अडकायची भीती आहे. दिवाळीला नक्की. मागच्या वेळी पण नक्की म्हणाले होते, माहितीये.

आई, सोलापूरच्या स्थळाला होही म्हणू नकोस आणि नाहीही. मुलाला माझा नंबर दे, आधी आम्ही दोघं बोलतो. पत्रिका नंतर.

दादा, आपल्या जुन्या घराच्या आणि दुकानाच्या हक्कसोडपत्राचं. मी सही करतेय. तुझ्या नावाचं मुखत्यारपत्र शिकागोच्या कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून कुरियर करते, महिनाभर धर. बिल्डर किती देतोय ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, मी इथे बसून बँकेची झुंबरं बघायची आणि पावसाळ्यात गळक्या माळवदावर तू चढायचं हे बरोबर नाही, कळतं मला. पण पाडायच्या आधी दुकानाच्या दाराच्या नऊ फळ्या काढून ठेव. आजोबांच्या हातचे आकडे आहेत त्यांवर, 1 ते 9, गेरूचे. गल्ला विकला तरी चालेल.

बाबांना हे वाचून दाखवताना हा भाग गाळू नकोस.

तुमची,
माई

ता. क. सातवी फळी वरून निघत नाही, खालून पाचर सरकवून मग ओढायची. ठोकाठोकी करू नका, बाबांना विचारा.