काडीकिड्याच्या नावातले ग्रीक

महोदय,

पुरवणीतील काडीकिड्यावरचा लेख आवडला. मात्र त्यात ‘फास्मॅटोडिया’ हे काडीकिड्यांच्या गणाचे (कीटकांच्या मोठ्या गटाचे) नाव लॅटिन असल्याचे म्हटले आहे. ते मुळात ग्रीक आहे. ‘फास्मा’ म्हणजे अवचित दिसणारी आकृती, आभास, भूत. ‘फँटम’, ‘फिनॉमिनन’ आणि चंद्रकलेसाठी वापरला जाणारा ‘फेज’ हे इंग्रजी शब्दही त्याच कुळातले. काही जुन्या पुस्तकांत या गणाला ‘फास्मिडा’ म्हटलेले आढळते. पण ग्रीक व्याकरणात विभक्ती लागताना या शब्दाचे अंग ‘फास्मॅट’ होते, म्हणून ‘फास्मॅटोडिया’ अधिक शुद्ध.

नाव किती नेमके आहे, हे सह्याद्रीत पावसाळ्यात हा किडा पाहिलेल्यांना लगेच पटेल. पुढचे दोन पाय तो डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे ताणतो. त्या पायांच्या मांड्या मुळाशी किंचित वाकलेल्या असतात. त्या खाचेत डोके नीट बसते आणि काडी अखंड दिसते. हलला, तरच दिसला! युरोपातील प्रयोगशाळांत शंभरहून अधिक वर्षे अभ्यासला गेलेला ‘कॅरॉसियस मोरोसस’ हा काडीकिडा तर मूळचा दक्षिण भारतातला. त्याच्या माद्या नराशिवायच वंश चालवतात.

शाळेत मुले अशी नावे नुसती घोकतात. पाठ्यपुस्तकात प्रत्येक शास्त्रीय नावाशेजारी त्याचा मूळ अर्थ एका ओळीत छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, चिपळूण