बंदुकांचे झाड

महोदय,

मोझांबिकमधले यादवी युद्ध १९९२ मध्ये थांबले, पण बंदुका घराघरांत, शेतांत पुरलेल्या तशाच राहिल्या. १९९५ मध्ये बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या चर्चच्या परिषदेने एक साधी योजना आणली. बंदूक आणून द्या आणि शिलाई मशीन, सायकल किंवा कुदळ घेऊन जा! जमा झालेली शस्त्रे कापून निकामी केली आणि ते तुकडे राजधानी मापुतोच्या कलाकारांच्या हाती दिले. त्यातून २००१ मध्ये केस्टर या शिल्पकाराने एक खुर्ची घडवली, ‘शस्त्रांचे सिंहासन’. पुढे चौघा कलाकारांनी मिळून माणसाहून उंच ‘जीवनवृक्ष’ उभा केला. दोन्ही कलाकृती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. सिंहासनातली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही. मेली तिथली माणसे, हत्यारे मात्र बाहेरून आलेली. हे मला फार अस्वस्थ करते.

आपल्याकडे गडचिरोलीत शरण आलेल्या नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. कायदेशीर सोपस्कार संपल्यावर त्यांतली काही निकामी करून तिथल्याच आदिवासी कारागिरांच्या हाती द्यावीत, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. शिल्प मुंबईच्या संग्रहालयात नको. ज्यांनी दोन्ही बाजूंची माणसे गमावली, त्यांच्या बाजाराच्या गावी, एसटी स्थानकाजवळ ते उभे राहावे आणि काय घडवायचे हे त्या लोकांनीच ठरवावे.

– एक वाचक, नागपूर