हेल्मेटची काच आणि पाऊस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "पाऊस लागला की काही दिसत नाही गं आई, मग मी काच वर करूनच चालवते." तेव्हा मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते. म्हणून हे पत्र.

काच वर केली की थेंब डोळ्यात खड्यासारखा लागतो आणि डोळा आपोआप मिटतो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळे किलकिले केलेस की पन्नास मीटर रस्ता न बघताच मागे टाकलास.

दिसत नाही म्हणतेस, तर आधी बघ, आतून वाफ धरली आहे की बाहेर पाणी थांबलं आहे? दोन्हींचे उपाय अगदी उलटे आहेत आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

आतली वाफ म्हणजे तुझाच श्वास. गार काचेवर त्याचे बारीक थेंब जमतात आणि प्रत्येक थेंब उजेड भलतीकडे फेकतो. तेच पाणी सपाट पसरलं तर आरपार दिसतं. म्हणून आतून साबण. भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब बोटाने सगळीकडे फिरव, वाळू दे, मग मऊ कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने पूस. दिवसभर पुरतं. जास्त लावलास तर ओघळून डोळ्यात जातो. मी एकदा रडत रडत घरी आले आहे. काचेला कंपनीचाच वाफरोधक थर असेल तर मात्र साबणाच्या भानगडीत पडू नकोस.

कायमची कटकट मिटवायची तर पिनलॉक बसव. आतून लावायची दुसरी पातळ काच असते ती, कडेला सिलिकॉनची वळी, आणि दोन्हींच्या मध्ये कोंडलेली हवा. त्या हवेमुळे आतली बाजू गार पडत नाही. तुझ्या काचेला दोन बाजूंना त्यासाठीच्या पिना आहेत का ते बघ. नसतील तर नाद सोड. वळी सगळीकडून नीट टेकलेली हवी, नाहीतर मधेच ओल शिरते आणि ती चालत्या गाडीवर पुसता येत नाही.

सिग्नलला थांबलीस की वारा बंद होतो आणि वाफ झपाट्याने धरते. तेवढ्यापुरती काच एक खटका वर कर. हनुवटीपाशी हवेची खिडकी असेल तर ती पावसातही उघडीच ठेव.

बाहेरून मात्र साबण नको. तिथे थेंब घरंगळून जायला हवेत, म्हणून प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं मेण किंवा पॉलिश. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट आहे. पेट्रोल, थिनर किंवा अमोनियाचा काच पुसायचा स्प्रे लागला तर त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. वाळलेला चिखल तर कधीच खरवडू नकोस. मी एकदा हातमोज्यानेच पुसला होता. दिवसा काही जाणवलं नाही. रात्री समोरून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांचं सगळ्या काचेभर कोळ्याचं जाळं झालं. दुसऱ्या दिवशी काच बदलली. ओलं कापड दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवलं की चिखल आपणहून सुटतो.

आणि तुझ्या गाडीपुढची ती उंच विंडशील्ड! पावसात तिच्या दोन बाजू आणि हेल्मेटच्या काचेच्या दोन, म्हणजे चार ओल्या पृष्ठभागांतून तू रस्ता बघतेस. विंडशील्डची वरची कड नजरेच्या खाली हवी, म्हणजे तिच्यावरून बघता येतं. शिवाय तिच्या आडोशाला वारा लागत नाही, त्यामुळे हेल्मेटवरचे थेंब हलतच नाहीत. जरा ताठ बसून मान किंचित डावी-उजवीकडे केलीस की वारा ते ओढून नेतो. पुसायचंच झालं तर डाव्या हाताने, उजवा ॲक्सिलरेटरवरच असू दे. काळी काच संध्याकाळच्या आत काढून ठेवत जा.

साबणाचं आज रात्रीच करून बघ. अर्ध्याच काचेला आतून लाव, तोंडाजवळ धरून "हाऽऽ" कर, आणि कोणती बाजू दिसते ते कळव.

तुझी,
आई